गिटी बसवलं, पण साइट उघडेना: कुठे अडलंय ते शोधायचं कसं

गिट सर्व्हर (कोड आणि त्यातले बदल साठवणारा) स्वतःचा हवा, पण गिटलॅबएवढा पसारा नको, असं ज्यांना वाटतं ते बहुधा गिटीपाशी येऊन थांबतात. गो भाषेत लिहिलेली एकच फाइल, एक जीबी रॅमच्या व्हीपीएसवरही (भाड्याच्या छोट्या सर्व्हरवरही) निवांत चालते. २०१६ साली गॉग्ज या प्रकल्पातून ते वेगळं झालं, आणि २०२२ मध्ये गिटीतून फोर्जेजो निघालं. खालचं जवळजवळ सगळं दोघांनाही लागू आहे.

बसवणं अवघड नाहीच. डोकेदुखी सुरू होते ती त्यानंतर. ब्राउझरमध्ये पत्ता टाकला की ५०२, किंवा नुसताच फिरणारा गोल, किंवा साइट उघडते पण पुश (आपला कोड सर्व्हरवर पाठवणं) होत नाही. अशा वेळी नवखा माणूस नेटवर सापडेल ती ओळ कॉन्फिगमध्ये चिकटवतो, रीस्टार्ट मारतो, मग दुसरी ओळ, पुन्हा रीस्टार्ट. तासाभराने मूळ बिघाड एक असतो आणि त्यावर आपणच घातलेले आणखी चार. म्हणून इथे सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: विनंती कुठपर्यंत पोचली हे कळल्याशिवाय काहीही बदलायचं नाही.

मांडणी अशी धरली आहे: डेबियन किंवा उबुंटूचा सर्व्हर, गिटी सिस्टिमडीखाली (सर्व्हिस चालू-बंद करणारा लिनक्सचा भाग) ‘गिट’ नावाच्या युजरने चालतंय, त्याची सेटिंग्ज /ईटीसी/गिटी/ॲप.आयएनआय या फाइलमध्ये आहेत, ते ३००० पोर्टवर ऐकतंय, आणि पुढे ८० व ४४३ पोर्टवर एंजिनएक्स हा वेब सर्व्हर उभा आहे. कमांड आणि सेटिंग्जची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत; टर्मिनलमध्ये ती अर्थातच रोमन अक्षरांत टाकायची.

विनंतीचा रस्ता

ब्राउझर आधी डीएनएसला विचारतो की हे डोमेन कुठल्या आयपीवर आहे. मग त्या आयपीच्या ४४३ पोर्टवर जातो. वाटेत फायरवॉल लागते, कधी एक, कधी दोन. पुढे एंजिनएक्स प्रमाणपत्र दाखवतो, विनंती उलगडतो आणि आतल्या ३००० पोर्टवर गिटीकडे सोपवतो. गिटी डेटाबेस आणि डिस्कवरच्या रेपॉझिटरी (प्रकल्पांच्या कोडची कोठारं) वाचून उत्तर देतं.

एसएसएच या सुरक्षित जोडणीने होणारा क्लोन-पुश (कोड उतरवणं-चढवणं) या रस्त्याने जातच नाही. तो २२ पोर्टवरून थेट ओपनएसएसएच या प्रोग्रामकडे जातो, एंजिनएक्सला त्याचा पत्ताही नसतो. एसएसएचचा पुश अडला म्हणून एंजिनएक्सची फाइल उकरत बसलेले लोक इतके भेटतात, की हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

स्क्रीनवर नक्की काय आलंय ते नीट बघा, कारण प्रत्येक चूक वेगळ्या ठाण्यावरून येते. बराच वेळ फिरून ‘टाइम्ड आउट’ आलं, तर पाकीट मशीनपर्यंत पोचलंच नाही किंवा फायरवॉलने मुकाट गिळलं. लगेच ‘रिफ्यूज्ड’ आलं, तर मशीन सापडलं, पण त्या पोर्टवर कुणी ऐकत नाहीये. ५०२ म्हणजे एंजिनएक्स ठणठणीत आहे, मागचं गिटी त्याला सापडत नाही. ५०४ म्हणजे गिटीकडून एंजिनएक्सला वेळेत उत्तर आलं नाही. ४०४ मात्र दोन प्रकारचा असतो. पांढऱ्या पानावर मधोमध एक ओळ आणि खाली एंजिनएक्सचं नाव असेल, तर ते पान एंजिनएक्सचं आहे. वर गिटीची पट्टी आणि लोगो दिसत असेल, तर विनंती थेट आतपर्यंत पोचली आहे. प्रश्न रेपॉझिटरीच्या नावाचा किंवा परवानगीचा आहे. खासगी रेपॉझिटरी लॉगिन न करता उघडली तरी गिटी ४०४ च दाखवतं, ती आहे हेही सांगत नाही.

पायरी १: गिटी एकटं चालतंय का?

तपासणी नेहमी आतून बाहेर करायची. सर्व्हरवर एसएसएचने शिरा आणि तिथूनच विचारा:

कर्ल एचटीटीपी://१२७.०.०.१:३०००/एपीआय/हेल्थझी

हा पत्ता गिटीत खास तब्येत विचारण्यासाठी ठेवलेला आहे. उत्तरात ‘पास’ आलं, तर गिटी आणि त्याचा डेटाबेस दोन्ही ठीक आहेत. सरळ पायरी २ वर जा. ‘रिफ्यूज्ड’ आलं, तर एंजिनएक्सकडे बघायचंही कारण नाही. ‘सिस्टिमसीटीएल स्टेटस गिटी’ आणि ‘जर्नलसीटीएल -यू गिटी -एन ५०’ या दोन कमांड चालवा आणि शेवटच्या पन्नास ओळी खरोखर वाचा. कारण बहुतेक वेळा तिथेच साध्या इंग्रजीत छापलेलं असतं.

नेहमीचे गुन्हेगार ठरलेले आहेत. एकदा घाईत गिटी रूट (सर्वाधिकारी) युजरने चालवलं जातं. ते तसं चालायला साफ नकार देतं, पण तेवढ्यात काही फाइलींची मालकी रूटकडे गेलेली असू शकते. ॲप.आयएनआयमध्ये ‘रन_युजर’ एक आणि सर्व्हिस फाइलमध्ये युजर दुसराच असेल, तरी ते सुरू होत नाही. परवानग्यांचं आणखी एक आहे. पहिल्यांदा बसवताना /ईटीसी/गिटी या फोल्डरला ७७० द्यावी लागते, कारण इन्स्टॉलचं पान ती फाइल स्वतः लिहितं. काम झालं की फोल्डर ७५० आणि फाइल ६४० करायची. काही जण ही आवराआवर आधीच करून टाकतात आणि मग फाइल लिहिता येत नाही म्हणून इन्स्टॉल अडतं.

पोर्टची मारामारीही असते. ३००० हे पोर्ट ग्राफानाचंही आहे, नोडवर लिहिलेल्या कितीतरी प्रकल्पांचंही आहे. लॉगमध्ये ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’ दिसलं, तर ‘सुडो एसएस -टीएलएनपी’ चालवा. कुठल्या पोर्टवर कुठली प्रोसेस बसली आहे ते नावासकट दिसतं. मग गिटीला ‘एचटीटीपी_पोर्ट’ मध्ये दुसरा आकडा द्या, आणि तोच एंजिनएक्समध्येही बदला.

मशीन रीबूट केल्यावरच गिटी उठत नसेल, तर संशय डेटाबेसवर. मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेस उठायच्या आधी गिटी उठतं आणि तोंडघशी पडतं. गिटीच्या नमुना सर्व्हिस फाइलमध्ये डेटाबेसची वाट बघणाऱ्या ओळी असतात, पण त्यांच्यापुढे कॉमेंटचं चिन्ह असतं. तुमच्या डेटाबेसची ओळ तेवढी उघडा, ‘डेमन-रीलोड’ करा.

आणखी एक, जे बिघाड नसून धोका आहे. इन्स्टॉलचं पान उघडं ठेवून जेवायला जाऊ नका. तिथे जो कोणी पहिलं खातं काढेल तो ॲडमिन होतो. आणि नोंदणी सगळ्यांना खुली ठेवायची नसेल, तर ‘डिसेबल_रजिस्ट्रेशन’ लगेच ‘ट्रू’ करा. स्पॅमवाले नव्या सर्व्हरच्या शोधातच असतात, आणि एकदा आले की फुकट खाती आणि जाहिरातींच्या रेपॉझिटरींनी घर भरून टाकतात.

पायरी २: एंजिनएक्स

कॉन्फिग बदलल्यावर ‘सुडो एंजिनएक्स -टी’ चालवल्याशिवाय रीलोड मारायचं नाही. एक अर्धविराम राहिला आणि थेट रीस्टार्ट मारला, तर त्याच एंजिनएक्सवरच्या बाकीच्या साइटही झोपतात. रीलोड मात्र चुकीचं कॉन्फिग नाकारतो आणि जुन्यावर चालू राहतो. त्यामुळे कधीकधी उलटंच होतं. आपण बदल केला, रीलोड नाकारला गेला, आपण बघितलं नाही, आणि ‘बदल करून काही फरक पडला नाही’ असा निष्कर्ष काढून मोकळे.

डेबियन-उबुंटूवर फाइल साइट्स-अव्हेलेबलमध्ये लिहायची आणि तिची लिंक साइट्स-एनेबल्डमध्ये करायची. लिंक राहिली, की ‘वेलकम टू एंजिनएक्स’ हे स्वागताचं पान येतं. ते आलं म्हणजे तुमची फाइल एंजिनएक्सने वाचलीच नाही, किंवा ‘सर्व्हर_नेम’ मध्ये डोमेनचं स्पेलिंग चुकलंय आणि विनंती डीफॉल्ट साइटकडे गेली. ‘एंजिनएक्स -टी’ मध्ये टी कॅपिटल टाकला, तर एंजिनएक्सने प्रत्यक्षात वाचलेलं अख्खं कॉन्फिग छापून येतं. त्यात तुमचं डोमेन शोधा. सापडलं नाही, तर उत्तर मिळालंच.

आता ५०२. सगळ्यात जास्त प्रश्न याचेच येतात, आणि याचं उत्तर एका ओळीत लिहिलेलं असतं. टर्मिनलच्या एका खिडकीत ‘टेल -एफ’ लावून /व्हार/लॉग/एंजिनएक्स/एरर.लॉग उघडा ठेवा आणि ब्राउझरमध्ये पान ताजं करा. एक नवी ओळ पडेल. तिच्यात ‘कनेक्ट फेल्ड’ या शब्दांनंतर कंसात एक आकडा असतो. तो आकडा वाचा, बाकी ओळ नंतर.

१११ असेल, तर त्या पोर्टवर कुणी नाही. गिटी बंद आहे किंवा पोर्ट चुकलं आहे. पण पायरी १ मध्ये ‘पास’ आलं होतं, तरीही १११? मग ओळीच्या शेवटी ‘अपस्ट्रीम’ पुढचा पत्ता बघा. तिथे चौकटी कंसात दोन विसर्ग आणि एक, म्हणजे आयपी-व्ही-सिक्सचा लोकलहोस्ट दिसत असेल, तर ‘प्रॉक्सी_पास’ मध्ये तुम्ही ‘लोकलहोस्ट’ असं लिहिलं आहे. त्या नावाचे मशीनवर दोन अर्थ असतात, आणि गिटी त्यांतल्या एकावरच ऐकत असतं. सरळ १२७.०.०.१:३००० असा आकडी पत्ता लिहा आणि विषय संपवा.

१३ असेल, म्हणजे ‘परमिशन डिनाइड’, तर तुम्ही बहुधा रॉकी, अल्मा किंवा रेड हॅटवर आहात आणि एसईलिनक्स ही सुरक्षायंत्रणा एंजिनएक्सला आतलं कनेक्शन करू देत नाहीये. ‘सेटसेबूल -पी एचटीटीपीडी_कॅन_नेटवर्क_कनेक्ट १’ एवढं पुरतं; यात ‘पी’ कॅपिटल. एसईलिनक्सच बंद करून टाका असा सल्ला जागोजाग मिळेल. तो घेऊ नका. एका कुलपाची किल्ली सापडत नाही म्हणून दार काढून टाकण्यातला तो प्रकार आहे.

११० म्हणजे पत्ता गाठताना वेळ संपली, आणि मग ब्राउझरमध्ये बहुधा ५०२ ऐवजी ५०४ दिसतं. हा आकडा सहसा डॉकरवाल्यांकडे (कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात प्रोग्राम चालवणाऱ्यांकडे) किंवा गिटी दुसऱ्या मशीनवर असताना दिसतो.

डॉकरबद्दल दोन गोष्टी. एंजिनएक्स स्वतःच कंटेनरमध्ये असेल, तर त्याच्यासाठी १२७.०.०.१ म्हणजे तो कंटेनर, तुमचं मशीन नव्हे. तिथे डॉकरच्या कंपोज फाइलमधलं सर्व्हिसचं नाव लिहायचं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: डॉकरने बाहेर काढलेलं पोर्ट यूएफडब्ल्यू या मशीनवरच्या फायरवॉलला जुमानत नाही. फायरवॉलमध्ये ३००० बंद दिसत असतानाही ते जगाला उघडं असू शकतं. कंपोजमध्ये पोर्टच्या आधी १२७.०.०.१ लावा, म्हणजे ते मशीनपुरतंच राहील.

एंजिनएक्सच्या फाइलमधल्या लोकेशनच्या चौकटीत काय हवं? ‘प्रॉक्सी_पास’, आणि त्याबरोबर होस्ट, एक्स-रिअल-आयपी, एक्स-फॉरवर्डेड-फॉर, एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो हे हेडर (विनंतीबरोबर जाणाऱ्या माहितीच्या ओळी). शेवटचा नसेल, तर बाहेर एचटीटीपीएस आहे हे गिटीला कळत नाही. ‘प्रॉक्सी_पास’ च्या पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ देऊ नका. ती दिली की एंजिनएक्स पत्ता उलगडून पुन्हा बांधतो, आणि ज्या ब्रँचच्या किंवा फाइलच्या नावात विशेष चिन्हं आहेत त्यांच्या लिंक तुटतात. हे लगेच लक्षात येत नाही, महिन्याभराने कुणीतरी तक्रार करतं.

पायरी ३: रूट_यूआरएल

साइट उघडली, पण क्लोनच्या चौकटीत पत्ता लोकलहोस्ट:३००० असाच दिसतोय? पान उघडतं पण सगळं साहित्य विस्कटलेलं, रंग नाहीत, बटणं नाहीत? वर पिवळी सूचना येतेय? कारण एकच. ॲप.आयएनआयच्या ‘सर्व्हर’ विभागात ‘रूट_यूआरएल’ ला ब्राउझरमध्ये दिसतो तोच पूर्ण पत्ता द्यायचा, एचटीटीपीएससकट, शेवटी तिरक्या रेघेसकट, आणि ३००० शिवाय. ‘प्रोटोकॉल’ मात्र ‘एचटीटीपी’ च राहू द्या, कारण एंजिनएक्स आणि गिटी यांच्यातलं बोलणं साधंच आहे. इथे नवखे लोक उत्साहाने एचटीटीपीएस करतात आणि पुन्हा ५०२ वर येतात.

‘एचटीटीपी_ॲड्रेस’ १२७.०.०.१ करून ठेवा, म्हणजे एंजिनएक्सला बगल देऊन कोणी आत येणार नाही. बदल केल्यावर रीस्टार्ट गिटीला लागतो, एंजिनएक्सला नाही.

डोमेनच्या मुळाशी न ठेवता एखाद्या उपपत्त्यावर, म्हणजे डोमेन/गिट असं ठेवायचा मोह होतो. होतं तसं, पण रीराइटचे नियम लागतात आणि कंटेनर रजिस्ट्री वापरायची तर आणखी भानगडी. सबडोमेन फुकट असतं. तेच घ्या.

पायरी ४: बाहेरून

सर्व्हरच्या आतून सगळं चालतंय, बाहेरून नाही. आता डीएनएस आणि फायरवॉल.

व्हीपीएस देणाऱ्या बहुतेक कंपन्यांच्या पॅनेलमध्ये त्यांची वेगळी फायरवॉल असते आणि मशीनवर यूएफडब्ल्यू असते. ८० आणि ४४३ दोन्हीकडे उघडी हवीत. एकीकडे उघडून दुसरी विसरणं हा नेहमीचा प्रकार.

‘डिग’ ने डोमेनचे ए आणि चार ए असे दोन्ही रेकॉर्ड बघा. चार ए म्हणजे आयपी-व्ही-सिक्सचा पत्ता. जुन्या सर्व्हरचा चार ए रेकॉर्ड तसाच राहिला असेल, तर चक्रावून टाकणारी लक्षणं दिसतात: घरच्या ब्रॉडबँडवर साइट उघडते, मोबाइल डेटावर नाही. आपल्याकडच्या मोबाइल नेटवर्कवर आयपी-व्ही-सिक्सचा वापर भरपूर आहे, त्यामुळे फोन त्या शिळ्या पत्त्यावर जातो. तो रेकॉर्ड दुरुस्त करा. व्ही-सिक्स वापरतच नसाल तर काढून टाका.

घरच्या जुन्या पीसीवर किंवा रास्पबेरी पायवर गिटी चालवणाऱ्यांसाठी वेगळाच अडथळा असतो. राउटरच्या पानावर वॅनचा (इंटरनेटच्या बाजूचा) आयपी बघा. तो १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यात सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात: एकच सार्वजनिक आयपी कित्येक घरांत वाटलेला आहे. मग राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग कितीही नीट करा, बाहेरून कोणी आत येऊ शकत नाही. कंपनीकडून स्थिर आयपी विकत घेणं, आयपी-व्ही-सिक्सवर चालवणं किंवा स्वस्त व्हीपीएसवरून वायरगार्डचा (व्हीपीएनचा) बोगदा काढणं, हे नेहमीचे मार्ग. घरच्या चार जणांच्या टीमसाठी बोगदा मला सगळ्यात बरा वाटतो, कारण मग सर्व्हर इंटरनेटला उघडा टाकावाच लागत नाही.

पायरी ५: प्रमाणपत्र

लेट्स एन्क्रिप्टचं फुकट प्रमाणपत्र सर्टबॉट या प्रोग्रामने घ्यायचं, ते ९० दिवस चालतं. नेहमीच्या पद्धतीत लेट्स एन्क्रिप्टवाले तुमच्या डोमेनवर ८० पोर्टवरून येऊन तपासणी करतात. ‘मला एचटीटीपी नकोच’ म्हणून ८० बंद करून टाकलं, की आज चालतं आणि पुढचं नूतनीकरण पडतं. ८० उघडं ठेवा, त्यावरून ४४३ कडे वळवा.

तपासणी जगातल्या वेगवेगळ्या ठिकाणांहून होते. त्यामुळे फक्त भारतातून येणारी रहदारी घ्यायची अशी फायरवॉल लावली असेल, तर तपासणी नापास होते. वर सांगितलेला शिळा चार ए रेकॉर्डही इथे नडतो. आणि सतत चुकीचे प्रयत्न करू नका. तासाला नापास तपासण्यांची मर्यादा आहे, तिच्यात अडकलात की नुसतं बसून राहावं लागतं. आधी ‘ड्राय-रन’ लावून सराव करा.

२०२५ च्या जूनपासून लेट्स एन्क्रिप्टने मुदत संपत आल्याची ईमेल पाठवणं बंद केलं आहे, तेव्हा ‘सिस्टिमसीटीएल लिस्ट-टायमर्स’ मध्ये सर्टबॉटचा टायमर आहे ना, हे एकदा डोळ्यांनी बघून ठेवा. डिस्कवर नवं प्रमाणपत्र आहे आणि ब्राउझर तरीही मुदत संपली म्हणतोय, असं झालं तर एंजिनएक्सने नवी फाइल वाचलेली नाही. एक रीलोड मारा, आणि सर्टबॉटच्या ‘डिप्लॉय-हुक’ मध्ये तोच रीलोड लिहून टाका.

तुमच्या साइटपुढे क्लाउडफ्लेअरची प्रॉक्सी सेवा असेल आणि ब्राउझर ‘टू मेनी रीडायरेक्ट्स’ म्हणत असेल, तर तिथल्या एसएसएलच्या सेटिंगमध्ये ‘फ्लेक्सिबल’ आहे. ते तुमच्या सर्व्हरकडे साध्या एचटीटीपीने येतात, तुमचा एंजिनएक्स त्यांना एचटीटीपीएसकडे पिटाळतो, आणि ही फेरी संपत नाही. ‘फुल स्ट्रिक्ट’ करा.

पायरी ६: पान उघडतं, पुश होत नाही

एचटीटीपीएसवरून छोटे पुश होतात, मोठे नाहीत, आणि ४१३ येतं? एंजिनएक्स मुळात १ एमबीपेक्षा मोठी विनंती घेतच नाही. ‘क्लायंट_मॅक्स_बॉडी_साइझ’ ५१२ एम करा. क्लाउडफ्लेअरच्या फुकट योजनेत मात्र १०० एमबीची मर्यादा त्यांच्या बाजूला आहे, ती तुमच्या कॉन्फिगने हलत नाही. मोठ्या फाइलींसाठी एसएसएच वापरा.

अर्ध्यात पुश तुटून ‘रिमोट एंड हंग अप’ असं आलं, की एक ठरलेला सल्ला मिळतो: गिटचा ‘एचटीटीपी.पोस्टबफर’ वाढवा, ५०० एमबी करा. गिटचं स्वतःचं मॅन्युअल म्हणतं की पुशच्या बहुतेक अडचणींवर हा उपाय नाही, उलट मेमरी मात्र जास्त खातो. खरं कारण बहुधा सर्व्हरवर असतं. ५०४ दिसत असेल, तर एंजिनएक्स ६० सेकंदांवर कंटाळला आहे, ‘प्रॉक्सी_रीड_टाइमआउट’ वाढवा. आणि एकदा ‘डीमेसेज’ मध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ शोधा. छोट्या व्हीपीएसवर मोठी रेपॉझिटरी आली, की गिटची प्रोसेस कर्नल मारून टाकतो. एक-दोन जीबीची स्वॅप फाइल (डिस्कवरची जादा मेमरी) घातली की काम भागतं. डिस्क भरली असेल तरी पुश असाच विचित्र तुटतो. ‘डीएफ -एच’ ला पाच सेकंद लागतात.

पासवर्ड बरोबर असूनही ४०१ येतंय? खात्यावर दोन टप्प्यांची ओळख चालू असेल, तर कमांड लाइनवर पासवर्ड चालत नाही, गिटीच्या सेटिंग्जमधून टोकन काढून ते पासवर्डच्या जागी द्यावं लागतं. विंडोजवर जुना पासवर्ड क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये चिकटून बसलेला असतो, तो आधी पुसा.

पायरी ७: एसएसएच

आपल्या लॅपटॉपवरून ‘एसएसएच -टी गिट@डोमेन’ चालवा, टी कॅपिटल. गिटीने नावानिशी नमस्कार करून ‘शेल ॲक्सेस देत नाही’ असं सांगितलं, तर घाबरू नका, तेच यश आहे. पुश तरीही होत नसेल, तर प्रश्न त्या रेपॉझिटरीवरच्या तुमच्या अधिकाराचा.

‘परमिशन डिनाइड’ आलं, तर सर्व्हरवरचा एसएसएचचा लॉग बघा. डेबियन १२ वर ऑथ.लॉग ही फाइल बहुधा नसते. ‘जर्नलसीटीएल -यू एसएसएच’ वापरा. तिथे ‘बॅड ओनरशिप ऑर मोड्स’ असं दिसलं, तर गिट युजरच्या घराच्या फोल्डरला नको तितक्या परवानग्या आहेत. ओपनएसएसएच अशा वेळी चावी बरोबर असूनही मानत नाही. घराच्या फोल्डरवर गटाला लिहिण्याची मुभा काढा, .एसएसएच ला ७००, आतल्या ऑथोराइझ्ड_कीज फाइलला ६००. परवानगी बघायची सोडून पुन्हा पुन्हा नवी चावी बनवत बसण्यात लोकांची दुपार जाते.

त्या ऑथोराइझ्ड_कीज फाइलमध्ये गिटी प्रत्येक चावीपुढे स्वतःच्या प्रोग्रामचा पूर्ण पाथ लिहून ठेवतं. पुढे कधी तुम्ही गिटीची फाइल दुसरीकडे हलवली, की वेब चालतं आणि एसएसएच मरतं. ॲडमिनच्या डॅशबोर्डवर ही फाइल पुन्हा लिहून काढण्याचं काम आहे, ते एकदा चालवा. गिट युजरला ‘नोलॉगिन’ शेल दिलं असेल तरी एसएसएच चालणार नाही. त्याला बॅश लागतं, पासवर्ड नको.

डॉकरमध्ये एसएसएच सहसा २२२२ सारख्या पोर्टवर काढतात. मग क्लोनचा पत्ता लिहिण्याची पद्धतच बदलते. ‘गिट@डोमेन:२२२२/’ असं लिहिलं, तर गिट २२२२ ला फोल्डरचं नाव समजतो. सुरुवातीला ‘एसएसएच://’ लावून पूर्ण पत्ता लिहायचा. गिटीने तो बरोबर दाखवावा म्हणून ॲप.आयएनआयमध्ये ‘एसएसएच_पोर्ट’ २२२२ करा.

सगळं बरोबर असूनही सर्व्हर धापा टाकतोय

बिघाड नाही, डिस्क रिकामी आहे, पण प्रोसेसर शंभर टक्क्यांवर. एंजिनएक्सचा ॲक्सेस लॉग उघडा. शेकडो अनोळखी पत्त्यांवरून प्रत्येक जुन्या कमिटचं ‘ब्लेम’ आणि ‘डिफ’ पान मागितलं जात असेल, तर ते एआयसाठी माहिती गोळा करणारे बॉट आहेत. गिट सर्व्हर त्यांना फार सोपं सावज, कारण एका रेपॉझिटरीतून लाखो पानं तयार होतात आणि प्रत्येक पान बनवायला गिट चालवावं लागतं. २०२५ च्या मार्चमध्ये सोर्सहट या गिट होस्टिंग सेवेचे ड्रू डीव्हॉल्ट यांनी याविरुद्ध जाहीर संताप व्यक्त केला होता. हे बॉट रोबोट्स.टीएक्सटीला (बॉटना मनाई सांगणाऱ्या फाइलला) विचारत नाहीत. तुमचा कोड जगाला दाखवायचा नसेल, तर ‘रिक्वायर_साइनइन_व्ह्यू’ ‘ट्रू’ करणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. दाखवायचाच असेल, तर अनुबिस नावाचा पहारेकरी एंजिनएक्स आणि गिटीच्या मध्ये बसवतात. तो ब्राउझरला आधी थोडं गणित करायला लावतो.

अडलातच आणि कुणाला विचारायची वेळ आली, तर तीन गोष्टी द्या: एंजिनएक्सच्या एरर लॉगमधली ती एक ओळ, गिटीच्या लॉगच्या शेवटच्या वीस ओळी, आणि हेल्थझीचं उत्तर. ॲप.आयएनआय चिकटवण्याआधी त्यातलं ‘सिक्रेट_की’, ‘इंटर्नल_टोकन’ आणि डेटाबेसचा पासवर्ड खोडा. चुकून गेलंच, तर नुसता मजकूर पुसून भागत नाही. डेटाबेसचा पासवर्ड तिथल्या तिथे बदला. ‘गिटी जनरेट सिक्रेट’ ने नवं इंटर्नल टोकन बनवता येतं. ‘सिक्रेट_की’ मात्र विचार न करता बदलू नका, कारण तिने कुलूपबंद केलेल्या गोष्टी, उदाहरणार्थ दोन टप्प्यांच्या ओळखीच्या नोंदी, नव्या कीने उघडणार नाहीत. आधी बॅकअप, सगळ्यांना सूचना, आणि मग ते काम रात्रीचं.